पाच मिली

वाळपई सोडली तेव्हा अंजुण्याच्या पाण्यावर धुकं होतं,
आता चोर्ल्याच्या चढावर जीपच दम खाते.
रोहिदासही. तोंडाशी पंप धरतो,
दोनदा ओढतो, गिअर बदलतो.
मागे पत्र्याची पेटी खुळखुळते.

सुर्ल्याच्या वर, भागी झोरेच्या वस्तीवर
आधी रेडकाकडे जावं लागलं.
रानात गांधीलमाश्यांचं पोळं हललं होतं,
थोबाड फणसाएवढं,
डोळ्यांच्या जागी दोन चिरा.
मानेत सुई टोचली, भागीला म्हटलं,
यात विष थोडं, आरडाओरडा जास्त.
कातडीखाली काही पेशी दारूगोळा भरून बसलेल्या असतात,
एक डंख, की सगळ्या एकदम फुटतात.
माझं औषध आग विझवत नाही,
ते फक्त कुलपात आधी जाऊन बसतं,
हिस्टामिनची किल्ली मग बाहेर चाचपडत राहते.
"म्हणजे बसमध्ये रुमाल टाकतात तसं," भागी म्हणाली.
कॉलेजात हे शिकवायला चार तास लागले होते.

मला ही द्रव्यं पहिल्यापासून आवडतात.
हार्मोन म्हणजे पणजीहून निघालेला हुकूम,
शिक्का मारून, रक्ताच्या हमरस्त्यानं.
ही तशी नाहीत.
ही गडग्यावरून बोलतात,
शेजारणीनं शेजारणीला सांगावं तशी:
इथं कळ, इथं सूज, इकडे ये, आता पुरे.
सांगून होईतो सांगणारी विरघळलेली.
फुफ्फुसातून एक फेरी, आणि नावही उरत नाही.

मग म्हैस. चंदरी.
सात महिने माजावर नाही.
खांद्यापर्यंत हात घातला,
डाव्या अंडाशयावर तो सापडला,
पीतपिंड. नाव तेवढं पिवळं, म्हशीत तो करडाच असतो,
बोरासारखा टणक,
रिकाम्या घराची राखण करत बसलेला.
त्याला उठवायचं काम गर्भाशयाचं,
शिरेतून लगतच्या धमनीत, एका भिंतीपलीकडे सांगायचं,
आणि चंदरीचं गर्भाशय गप्प आहे.
तेवढं एक वाक्य आम्ही पाच मिलीत भरून आणतो.

कुपी हातात घेतली.
लेबलावरची बारीक अक्षरं मला पाठ,
शिकायला येणाऱ्या पोरांना मीच दटावते:
त्वचेतून शिरतं. दम्याच्या माणसानं हात लावू नये.
दिवस गेलेल्या बाईनं तर...

रोहिदासकडे बघितलं.
त्यानं छाती चोळली आणि म्हशीकडे बघितलं.
मी मनात बोटं मोजली. सहा दिवस.
अजून कुणाला बोलले नाही,
तपासायची पट्टीसुद्धा वाळपईत घेतली नाही,
औषधाच्या दुकानात मावसबहीण बसते.

हातमोजे होते. दोन चढवले असते.
चार वर्षं हेच करत आलेय.
पण सुई भरताना टोकाशी एक थेंब येतो,
नेहमी येतो,
आणि त्या थेंबाला म्हैस कोण, बाई कोण, कळत नाही.
माझ्यातही आत्ता कुठेतरी तसाच एक
राखणीला बसला असेल,
घर रिकामं नाही असं धरून.

"सिरिंज खराब निघाली," मी म्हटलं.
"सोमवारी दुसरे डॉक्टर येतील."
भागीनं ताक दिलं, मीठ जास्त.
"आमच्या रानात एक मुळी आहे," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता, चंदरीची पाठ खाजवत,
"तसल्या दिवसांत आम्ही ती ओलांडतसुद्धा नाही.
घ्या, घोटभर आणखी घ्या."

रेडकाचा एक डोळा उघडला होता.
कुपी कापसात गुंडाळून पेटीत परत ठेवली.
नोंदवहीत लिहिलं: म्हैस, चंदरी. उपचार नाही.
कारणाच्या रकान्यावर पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पसरला.

उतारावर रोहिदास म्हणाला,
"बाय, आज हळू घेतो."