सातवं रीळ

ओमाहाची बस आली तेव्हा बर्फ थांबलं होतं,
पण डब्यात रिळं सहाच.
सातवं कुठे राहिलं, ड्रायव्हरला ठाऊक नाही.
डेल्बर्ट म्हणाला, खेळ रद्द करू.
मी तिकिटाच्या खिडकीतून पाहिलं:
रांग हार्डवेअरच्या दुकानापर्यंत,
माणसं बूट आपटत उभी,
तोंडातून वाफा.
मी तिकिटं फाडायला घेतली.

नाहीतरी शेवट सगळ्यांना पाठ.
सप्टेंबरात चार दिवस चालला होता,
लोकांनीच पुन्हा मागवायला लावला.

तो बँकेत शिरतो, पिस्तूल उसनं,
हात थरथरतोय.
सगळे हात वर करतात.
टाइपरायटरपाशी बसलेली ती तेवढी उठते,
खुंटीवरचा कोट काढते,
आणि घालायला लागते.
बटणं लावते. सगळी. वरपासून.
इथे बाल्कनीतून एक शिटी यायचीच,
आणि तिसऱ्या रांगेत दंतवैद्याची बायको, मिसेस टॉफ्ट,
हातमोजे न काढता बसलेली,
खाली बघायची.

मग गाडी. मग नुसती गाडीच.
त्यांचं बिऱ्हाड मागच्या सीटवर:
एक सुटकेस, एक घोंगडी, फाटका नकाशा.
डबाबंद पीच खातात, चमचा एकच,
पुसून तो ती पर्समध्ये जपून ठेवते
जणू पुढे घर व्हायचंय, पाहुणे यायचेत.
मला रडू यायचं ते इथे.
गोळ्यांच्या वेळी कधीच नाही.

कुणी म्हणेल, चोर ते चोर.
पाद्री म्हणालेही एका रविवारी,
मुलांना पाठवू नका म्हणून.
मुलं कुठे येत होती?
येत होते पंचविशी-तिशीची लग्नं झालेले,
एकमेकांशी फक्त गव्हाच्या भावाबद्दल बोलणारे,
आणि अंधारात, कोटाखाली,
कुणाचा तरी हात शोधणारे. आपल्याच माणसाचा.

सहाव्या रिळात मोटेलची खोली.
खिडकीच्या पट्ट्यांची सावली दोघांवर.
ती नखांच्या कात्रीनं त्याचे केस कापते,
पोलिसांनी ओळखू नये म्हणून.
केस पडतात ते खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर,
त्यावर फोटो त्यांचाच.
ती फुंकर मारते त्याच्या मानेवर.
आणि उजव्या कोपऱ्यात ठिपका येतो.

आमच्या धंद्यातला ठिपका हा. प्रेक्षकांना दिसत नाही.
पहिला आला की दुसरं मशीन सुरू करायचं,
दुसरा आला की पट्टी ओढायची:
एकोणीस वर्षं डेल्बर्टचा हात चुकला नाही.
म्हणजे मक्याच्या शेतात, कुत्र्यांच्या तोंडी,
त्यांना रोज त्यानंच नेऊन सोडलेलं.

त्या रात्री पट्टी ओढायला काही नव्हतंच.
फुंकर. ठिपका. ठिपका.
मग पांढरा पडदा.

कुणी पैसे परत मागितले नाहीत.
उठलंही नाही कुणी.
स्टीमचा पाइप तेवढा खडखडत होता.
शेवटी ऑर्विल क्राउझ उभा राहिला,
शेरीफचा डेप्युटी, सहा फूट, बिल्ला छातीवर,
टोपी घातली, आणि पडद्याकडे बघत म्हणाला,
"कॅन्ससकडचा रस्ता मोकळा आहे आज."
आणि घरी गेला.

बावन्न डॉलर चाळीस सेंट.
मी मोजले, पेटीत घातले,
पेटी घेऊन गल्लीतल्या गाडीत जाऊन बसले.
डेल्बर्ट खाली आला. काचेतून बघत राहिला.
मी कोटाची बटणं लावली होती. सगळी.
"बॉयलर बंद केलास?"
"नाही."
तो आत बसला. चावी फिरवली.

नऊ मैल गेलो. दक्षिणेकडे.
धान्याच्या कोठाराचा दिवा मागे पडला,
त्यानंतर दिवाच नव्हता.
तो काही बोलला नाही, मीही नाही,
हीटर फक्त माझ्या बाजूचा चालत होता
म्हणून मी त्याचा एक हात माझ्याकडे घेतला.
मग बॉयलर आठवला. दोघांनाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात
मी त्याचे केस कापले. मागे उरलेत तेवढेच.
खाली वर्तमानपत्र. त्यावर हवामान.

सातवं रीळ गुरुवारी दुपारच्या बसनं आलं.
सही मी केली.
शेंगदाण्याच्या पोत्यामागे सरकवून ठेवलं,
डेल्बर्टनं दोनदा विचारलं,
दोनदा म्हणाले, बघते.