खांद्याएवढं

व्हाउचर क्रमांक चौतीस.
कुंपण छाटणी, एक वेळ. पुढे रक्कम,
खाली धाकू गोरिवले यांची सही,
'धा'चा काना नेहमी ओळीच्या बाहेर.

बावीस वर्षं मी ही वही लिहिली
आणि कुंपणाकडे पाहिलं असेन
फार तर पोरांचं शटल आत अडकलं तेव्हा.

कन्नमवार नगरच्या खाडीकडच्या टोकाला
आमच्या इमारतीभोवती कोयनेल आहे.
मधे भोगट्यांनी डुरांटा लावून पाहिला, पिवळाधमक,
नर्सरीवाल्याने फोटो दाखवून गळ्यात मारलेला.
दोन उन्हाळ्यांत खाऱ्या वाऱ्याने त्याच्या काटक्या झाल्या.
कोयनेलला खारं चालतं.
"ही हितलीच," धाकू म्हणाला,
"भरणी पडली तवा गाडली, तरी वर आली.
तुमी मागसून आलात."

दोरी तो बांधत नसे.
फाटकाशी उभा राही, कात्री खांद्याला लावी
आणि तीच पातळी धरून पंपाच्या खोलीपर्यंत
कचक कचक,
मधेच पात्याला खोबरेलाचं बोट.
पायाशी रुंद, माथ्याला निमुळतं.
हे असं तिरकं का, मी एकदा विचारलं.
"उभं सरळ कापलं तर डोस्कं समदं ऊन खातं,
पायाला काय उरत न्हाय.
खालून टक्कल पडलं की कुत्री शिरतात."

हे मी सर्वसाधारण सभेत सांगायला हवं होतं.
विषय पार्किंगचा होता.

श्रावणात आठवड्याला वीतभर फूट,
मार्चात पिठ्या ढेकूण, मग साबणाचं पाणी,
निंबोळी पेंड, पाटीभर शेणखत.
वहीत सगळं 'किरकोळ' खाली.

मागच्या दिवाळीनंतर भोगटे तावातावाने वर आले.
माळ्याने कुंपण फार खाली आणलंय,
रस्त्यावरून तळमजल्याची वाळती कापडं दिसतात,
त्याला समज द्या.

टेप घेऊन मी पहिल्यांदाच खाली गेलो.
तीन फूट आठ इंच.
मग कपाटातून सत्यनारायणाचा फोटो काढला, पहिल्या वर्षीचा.
कडेला धाकू, हातात प्रसादाचा द्रोण,
मागे कुंपण बरोबर खांद्याला,
आणि तळमजल्याच्या खिडक्या अर्ध्या झाकलेल्या.

तेव्हा खांदा. आताही खांदाच.
त्याने माप सोडलंच नव्हतं.
पाठ वाकत गेली, वर्षाला जेमतेम अर्धा इंच,
आणि चारी बाजूंचं कुंपण
तिच्यामागून खाली येत गेलं.

समज मी दिली नाही.
पण शिमग्याला गावी गेला तो
परत आलाच नाही, निरोप आला: आता वाकवत नाही.
निरोप आणणाऱ्याला हसू आवरेना.
मला शब्द तेवढाच ऐकू आला.

आता एक पोरगा येतो, मोहित, पेट्रोलचं मशीन घेऊन.
दोन खिळे, निळी दोरी, पाच फूट,
भिंतीसारखं उभं. अर्ध्या तासात मोकळा.
भोगटे म्हणतात, आता कसं सोसायटीसारखं दिसतं.
मी फिरायला निघालो की आत हात घालतो.
चव्वेचाळीस इंचांवर काड्यांना गाठी आहेत,
बोटांना टणक लागतात.
त्यावरचं सगळं कोवळं.

आणि पंपाच्या खोलीजवळ
खालून उघडं पडलंय हातभर.
परवा तिथून एक कुत्री आत शिरली,
चार पिलं झाली.

व्हाउचर क्रमांक नऊ.
दूध, अर्धा लिटर. किरकोळ.