बॉडी : इतर

पडेल कँटीनच्या तिठ्यावर माझं दुकान आहे.
रिक्षा, टेम्पो, डंपर, सगळ्यांच्या सीटा शिवते.
एकदा दातांच्या डॉक्टरची खुर्चीही शिवली.
विमान पहिल्यांदाच.

ट्रेलरवरून आलं तेव्हा पंख नव्हते,
शेपूट भंगारवाल्यानं आधीच किलोवर विकलेलं.
नुसतं धड, डोकं छाटलेल्या सुरमईसारखं,
रंगाखाली रंग, त्याखाली कुठल्याशा कंपनीचं अर्धं नाव.
दस्तगीर होडेकर खाली उतरला, म्हणाला,
"सुगंधाबाई, चौदा सीटा. रंग तुमच्या मनाचा."

वीस वर्षं तो बोटीवर फिटर होता,
इंजिनखोलीत, जिथं खिडकी नसते.
एवढंच कारण त्यानं सांगितलं,
तेही मी विचारलं नव्हतं.

खाली चासी एसटीच्या लिलावातली.
धड लांब पडलं, म्हणून मधला चार हातांचा तुकडा कापला;
तो आता गिर्येत कुणाच्या तरी न्हाणीवर छप्पर होऊन बसलाय.

बाबल मेस्त आला, अजून होड्यांना चंद्रूस लावणारा.
पहिल्या दिवशी नुसता भोवती फेरा मारला.
पत्र्याला टिचकी दिली. कान लावला.
मग म्हणाला,
"ह्यां लोखंडार थेट बसवू नको.
खारी हवा आसा. दोनय एकमेकांक खातले.
मदी कायतरी मऊ घाल."

म्हणून ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापत बसलो आम्ही,
बोटभर रुंद पट्ट्या, रात्रभर,
प्रत्येक बोल्टाखाली एक.
माझ्या लग्नात असं कुणी सांगितलं नाही.

रिव्हेट मोजायला दस्तगीरची नफीसा होती.
अकराशेच्या पुढे तिनं अंदाजानं लिहिले.

जुन्या सीटा उसवताना
सातवीच्या शिवणीत कापसाचा बोळा सापडला,
पिवळट, अजून कानाच्या आकाराचा.
कुणीतरी ह्याच खिडकीतून खाली पाहिलं असेल:
पांढरी कड, मग हिरवं, मग सड्याचं तांबडं.
आमच्यातलं कुणी दिसलं नसेल.
बोळा फेकला नाही. नव्या फोममध्ये परत शिवला.
दस्तगीरला हे माहीत नाही.

ओरोसहून साहेब आले. टेप लावली.
रुंदी दोन बोटं जास्त भरली.
चहा झाला. पुन्हा मोजली,
बरोबर भरली.
'बॉडीचा प्रकार' ह्या रकान्यापुढे
बराच वेळ पेन धरून बसले,
एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे,
आणि लिहिलं: इतर.

सड्यावर रस्ता सरळ आहे, दीड किलोमीटर,
ना झाड ना घर.
मागून पोरं ओरडली, "काका, उडवा!"
चाळीसला काही नाही.
पन्नासला काचा.
साठला सगळं धड एका सुरात घुमायला लागलं,
तळव्यांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून दातांत.
पोरं गप्प झाली. नफीसानं माझा पदर धरला.
आरशात मला दस्तगीरचे फक्त डोळे दिसत होते,
समोर, जिथं रस्ता संपून
नुसता उजेड होता.

त्यानं पाय काढला.
गाडी बाजूला घेतली, बराच वेळ उतरला नाही.
मग म्हणाला, "पट्ट्या बघायला हव्यात परत."

आता पडेल ते विजयदुर्ग, दिवसाला तीन फेऱ्या.
मासळीच्या टोपल्या मागे, जिथून शेपूट कापलं तिथे.
साठच्या वर कधी नेत नाही.

एक चूक माझी राहिली.
फोम मी दोन इंच कमी धरला,
खिडक्या डोळ्यांच्या वर गेल्या.
सातव्या सीटवर बहुतेक शेवंती धुरत असते,
मांडीवर सुट्टे पैसे मोजत.
बाहेर बघायचं तर उठावं लागतं.
ती उठत नाही.
वळणावरूनच तिला कळतं, गिर्ये आलं.