चारशे सत्तर

लॅमिंग्टन रोडला हिरजीभाईच्या काउंटरवर
आठ पायांचा काळा किडा मिळतो, बारा रुपयांना.
पाच-पाच-पाच. सगळे त्याला नंबरानेच हाक मारतात.
अंगावर एक टिंब असतं, ते डावीकडे ठेवायचं,
एवढंच नीट बघायचं असतं.
पहिल्यांदा मी नेमकं तेवढंच बघितलं नाही.
धूर इवलासाच, पण वास
शेजारच्या पिंटोंच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला.

माझ्या हाताला लिफ्टच्या रिलेची सवय.
रिले टक् म्हणतो, कळतं, काम झालं.
हा किडा काहीच बोलत नाही.
नुसती एकदा इकडे, एकदा तिकडे वीज वाढतो
आणि चुनाभट्टीत, तिसऱ्या मजल्यावर,
पलंगाखालून ओढलेल्या चार बाय तीनच्या प्लायवर
तिळाएवढे दोन तांबडे दिवे
आलटून पालटून लागतात.

लागले. तरी खोटेच वाटले.
खटकन लागायचे, खटकन विझायचे,
मखरातल्या माळेसारखे.
जुन्या फाटकाचा दिवा तसा नसायचा.
त्यात तार असायची. तार तापायला वेळ घेते,
निवायलाही.
एक निघालेला असतो, अजून गेलेला नसतो,
तोवर दुसरा उजळायला लागतो;
मध्ये एवढासा वेळ दोघेही असतात,
दोघेही अर्धे.

हे हिरजीभाईला सांगितलं.
तो वजनकाट्यावर स्क्रू जोखत होता.
म्हणाला, दिव्याला आडवा कपॅसिटर टाका,
चारशे सत्तरचा. उलटसुलट सांभाळा.
पुडी बांधता बांधता पुन्हा म्हणाला,
दोन हजारचा नका टाकू हां,
एकही विझणार नाही,
मग सिग्नल कसला?

वैजूची रात्रपाळी, सायनला.
माझी दिवसाची.
ती साडेसातला चप्पल काढते,
मी पावणेआठला घालतो.
तेवढ्यात चहा, किल्ल्या, सिलिंडरची पावती,
लिफ्टमध्ये कोण अडकलं,
नऊ नंबरच्या आजोबांनी काही खाल्लं का.
गेल्या मार्चपासून हे असंच.

आज ती आली तेव्हा
मी शेवटचा टाका देत होतो, अंगठ्यावर फोड.
पडदा ओढला. बॅटरी जोडली.
इंजिन दुरुस्तीला गेलंय, गाडी नाहीच,
तरी रुळांशी बोटाएवढी काळी-पिवळी टॅक्सी
शहाण्यासारखी थांबलेली.
एक तांबडा मावळत गेला,
दुसरा जणू त्याच्याच आतून वर आला.

वैजू पर्स खांद्यावर तशीच ठेवून बघत राहिली.
गाडी कधी येणार?
म्हटलं, महिना लागेल. पार्ट मिळत नाही.
मग दिवे कशाला चालू?

मी वायरचे तुकडे गोळा करत राहिलो.
सात चाळीस झाले होते.
तिने स्टूल ओढलं,
करंगळीने टॅक्सीला जरा मागे घेतलं,
पांढऱ्या रेषेच्या अलीकडे,
आणि बसली.