चार डिग्री

कोल्ड स्टोरेजचा काटा चार डिग्रीवर.
पेट्या मोजायला आत जायचं तर
स्वेटर, वर शाल, कानाला रुमाल, पायात नवऱ्याचे मोजे.
आणि मी त्या गारठ्यात उभी,
छातीतून निघालेली धग मानेवर चढताना सोसत.
शमशाद म्हणाली, मालन, तुझ्या कपाळावर पाणी आहे.
मी म्हटलं, छत गळतंय.

छत गळत नव्हतं.

रात्री दोनला पंखा पाचवर.
नवरा चादर ओढून म्हणायचा, गारठून मारतेस काय.
हिरवा कुठला, पिवळा कुठला, काळा कुठला,
बेदाणा बोटांना वीस वर्षं पाठ,
ती बोटंच विसरायला लागली.
मुकादमानं एक पेटी परत पाठवली.
वीस वर्षांत पहिली.
संडासाची कडी लावून रडले,
पेटीसाठी नव्हे.

तासगावच्या डॉक्टरनं नाडीसुद्धा धरली नाही.
वय झालं. कॅल्शियम घ्या, देवाचं नाव घ्या.
दोन्ही घेतलं.
मग सांगलीत एकानं पोटावर मशीन फिरवून
पिशवीच काढून टाकू म्हणून सांगितलं,
इतक्या निवांत, जसा
शेडमधला रिकामा बारदाना बाहेर ठेवायचाय.
माझ्या जावेची काढली छत्तिसाव्या वर्षी.
का काढली
ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मिरजेला शमशादनंच नेलं.
मगदूम बाईंच्या बाकावर आमच्या आधी अकरा जणी.
आत गेले तर बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारत गेल्या.
झोप किती? घाम कधी?
आईला, बहिणीला छातीत गाठ?
पायाच्या शिरेत रक्त गोठलं होतं कधी?
नवऱ्याजवळ जाताना दुखतं का?

हे एकोणतीस वर्षांत
नवऱ्यानंही विचारलं नव्हतं.
मी खिडकीकडे बघून हो म्हटलं.
त्यांनी लिहून घेतलं, ताप लिहावा तसं.

रक्त, बीपी, सोनोग्राफी, छातीचा फोटो.
रिपोर्ट बघून म्हणाल्या, याला रजोनिवृत्ती म्हणतात.
म्हटलं, निवृत्ती आहे तर पेन्शन कुठाय?
हसल्या. मग कोरा कागद पुढं ओढला.
हे जेल दंडावर.
पिशवी आहे तुमची, तिच्या राखणीला रात्रीची ही गोळी.
एक घेऊन दुसरी चुकवायची नाही.
फायदा हा. धोका एवढा.
मध्येच रक्त दिसलं तर त्याच दिवशी फोन.
तीन महिन्यांनी या. आणि नको वाटलं तर
नको म्हणा.

नको म्हणा.
मी चपला घालताना ते परत एकदा
मनातल्या मनात म्हणून बघितलं.

फी आणि औषधं मिळून चार दिवसांची हजेरी गेली.
सगळं बरं झालं असं नाही.
गुडघे कुरकुरतात. चिडते अजून,
पण कशावर ते आता कळतं.
महिनाभरानं एकदा सरळ पहाटेपर्यंत झोपले
आणि दचकून उठले,
काहीतरी करायचं राहिलं म्हणून.
जावेला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला तू चल.
ती म्हणाली, आता काय उरलंय दाखवायला?
म्हटलं, तू आहेस की.

रोज सकाळी अंघोळ करून दंडावर जेल लावते.
वाळेपर्यंत बसायचं.
द्राक्षाला रॅकवर पंधरा दिवस लागतात,
मला पाच मिनिटं.
नातू धावत येतो. मी ओरडते,
थांब, शिवू नकोस आजीला!
ओरडते आणि गप्प होते.

परड्यातल्या चटईवर, वेगळ्या तांब्याशी,
दर महिन्याचे ते तीन दिवस
हेच ऐकत बसलेली मी.
कावळा शिवला म्हणायचे.
आता कावळा नाही.
दंड ओला आहे, एवढंच.

किती वेळ? नातू विचारतो.
मी म्हणते, मोज.
तो लांब उभा राहून शंभरपर्यंत मोजतो,
सत्तर ते ऐंशी गाळून.