तिसरा रकाना

बागूल सरांच्या झेरॉक्सवर दोनच रकाने होते,
डावीकडे जपानी, उजवीकडे इंग्रजी.
तिसरा मी आखला, पट्टी धरून, निळ्या पेनने.
इंग्रजीतून आलेला अर्थ
पायात चपला तशाच ठेवून
ओट्यावर उभा राहायचा पाहुण्यासारखा,
आत येत नव्हता.

धुळ्याचं सिव्हिल, रात्रपाळी,
हाडांचा वॉर्ड, पुरुष.
दोनच्या सुमारास सलाइनी बदलून झाल्या की
मी टेबलावर कागद पसरायची, पुटपुटायची.
बेड नंबर चौदा झोपत नसे.
लोटन धुडकू, वय एकाहत्तर, बैलांचा हेडी.
चाळीस वर्षं मारक्या गोऱ्ह्यांच्या वेसणीला हात घातला
आणि पडला तो बाजेवरून.
खुबा.

"काय मंतर म्हनी राहिनी व माय?"

सारु मो कि कारा ओचिरु, मी वाचलं.
माकडंसुद्धा झाडावरून पडतात.
वजन टांगलेल्या आपल्या पायाकडे
तो बराच वेळ बघत राहिला.
"तठे मनी गोट कोनी सांगी?"

मग रोज रात्री तीन-चार.

सुझुमे नो नामिदा,
चिमणीचे आसू. इंग्रजी रकान्यात: अत्यल्प रक्कम.
"निराधारना पैसा," तो म्हणाला,
मी तसंच लिहिलं.

नेको नो ते मो कारितइ,
मांजरीचा पंजासुद्धा उसना मिळाला तर हवा, एवढी कामाची घाई.
"कापूस फुटना का आंधया बी चालस."
मला हसू आवरेना,
नऊ नंबर जागा झाला, पाणी मागू लागला.

काओ गा हिरोइ, चेहरा रुंद असणे.
म्हणजे पुष्कळ ओळखी असणे.
"बैलबाजारमा मले कुत्रं बी वयखे."
तीन आठवड्यांत त्याला भेटायला एकच जण आलेला,
मुलगा,
डिस्चार्ज कधी ते विचारायला.
हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

ओत्सुकारेसामा मात्र बसेना.
इंग्रजीत तीन अर्थ, मध्ये स्वल्पविराम,
तिन्ही ऑफिसातले, इस्त्री केलेले.
सर म्हणाले, पाठ करा, काम संपलं की म्हणायचं.
हा मी त्याला विचारलाच नव्हता.
पहाटे तीन बेडपॅन धुऊन,
चार्ट भरून, कोपरापर्यंत डेटॉलचा वास घेऊन मी येत होते,
तर अंधारातून चौदा नंबर म्हणाला,
"थकी गई व्हशी. बठ जराशी."

बसले. स्टुलावर, पाच-सात मिनिटं.
कागद टेबलावरच राहिला.

गुरुवारी त्याला सोडलं.
त्याच आठवड्यात क्लासला निघतानाचे शब्द चालू होते.
इत्ते किमासु: इंग्रजीत नुसतं 'मी निघतो'.
सर म्हणाले, खरं तर जातो-आणि-येतो,
पण असं कोण म्हणतं?
बाकावर आम्ही अकरा जणी होतो,
शिरपूरच्या, साक्रीच्या, दोंडाईच्याच्या.
कोणी काही बोललं नाही,
सगळ्याच एकमेकींकडे बघून हसलो.

रिक्षात त्याला आडवा ठेवताना
मुलाने पाय धरले, मी खांदे.
पडद्याआडून हात काढून तो म्हणाला,
"येस मी."
आयाबाईने जीभ चावली.
दवाखान्याच्या दारात असं म्हणत नाहीत, बाबा,
इथे पुन्हा येऊ नका.
त्याला उशिरा कळलं, मग हसला तो,
दोन दात दिसले.
रिक्षा पांझराच्या पुलाकडे वळली
तेव्हा मी तो रकाना भरला, उभ्या उभ्या, तळहातावर कागद धरून.

परीक्षेत मार्क इंग्रजीला आहेत.
तिसरा रकाना कोणी तपासत नाही.
व्हिसा आला तर नोव्हेंबर,
तिकडे म्हाताऱ्यांचं घर, रात्रपाळी,
चौदा नंबर तिथेही असेलच.

शेवटच्या पानावर एक शब्द उरलाय, तादाइमा.
परत आल्यावर उंबऱ्यात म्हणायचा असतो.
त्याच्यापुढे बोटभर कोरी जागा,
आणि एक निळा ठिपका,
जिथे पेन टेकवून मी
उचलला होता.