झिरो बघा

पोवई नाक्याच्या अलीकडच्या पंपावर
प्रज्योत नावाचा पोरगा नळी हातात धरून विचारतो,
"साधं की प्रीमियम, साहेब?"
आणि मागे रिक्षा हॉर्न देते.

मी कोषागारातला माणूस. मला उत्तर
कागदावर लागतं.
म्हणून वही घातली, पुढच्या कप्प्यात, पेन्सिलीसकट.
चार टाक्या साध्या, चार महागड्या,
दर रविवारी यवतेश्वरचा घाट, तेच वळण, तिसरा गिअर,
टायरात हवा तेहेतीस, एसी बंद.
शेजारी वैजयंता, घामाघूम, मांडीवर पाण्याची बाटली.
"काही फरक?" मी विचारायचो.
ती खिडकीबाहेर बघत म्हणायची,
"गरम होतंय."

निकाल: लिटरमागे पाव किलोमीटर.
तेवढं तर वारा फिरला तरी हलतं.
टाकीच्या झाकणाआड कंपनीनं बारीक अक्षरात
लिहूनच ठेवलंय की साधं चालेल.
मी तीन वर्षांनी वाचलं.

एमआयडीसीत राजेखान शिकलगारांनी
वही चाळली, बोटांचा काळा ठसा उठवून परत दिली.
"टर्बो म्हणजे काय, तर हवा कोंबून भरायची.
कोंबलं की तापतं.
तापलं की साधं पेट्रोल ज्योत पोचेस्तोवर दम धरत नाही,
कोपऱ्यात आपलं आपणच पेटतं.
आत ठोका बसतो.
महागडं जरा सोशीक, एवढंच. ताकद-बिकद काय नसते त्यात.
आणि गाडी शहाणी असते हो.
ठोका ऐकते, ठिणगी थोडी मागं घेते,
जरा उशिरा टाकते.
बसणाऱ्याला पत्ता नाही."

एप्रिलात मेहुणा, मेहुणी, त्यांची दोन दांडगी पोरं,
डिकीत कलिंगडं.
तिसऱ्या वळणावर वैजयंता म्हणाली,
"वाजलं बघा. स्टीलच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं.
मागच्या महिन्यात नव्हतं."
मागच्या महिन्यात प्रीमियम होतं.
"तुला ऐकू येतं?"
"पहिल्यापासून. तुमचं लक्ष काट्यावर असतं."

वर पठारावर मंडळी कलिंगड कापत बसली.
मी तिला बाजूला विचारलं, मग बोलली का नाहीस?
ती बोलली. काय बोलली ते इथे नको.
पण बोलायच्या आधी थांबली,
अर्धा श्वास असेल,
आणि तो अर्धा श्वास माझ्या ओळखीचा निघाला.
जेवताना, दिवे मालवताना, माझा आवाज चढला की,
सोळा वर्षं.
मला वाटायचं, स्वभाव.

वहीत त्याला रकाना नाही.

कुणी विचारलंच तर सांगतो:
उन्हाळा, घाट आणि भरलेली गाडी असेल तर घाला महागडं.
गावातल्या गावात साधं पुरतं.
बाकी झाकण उघडून वाचा.

आज पंपावर मी एसी लावूनच थांबलो.
"साधं की प्रीमियम?"
मी शेजारी बघितलं. मागे रिक्षा. वाजवू दे.
"झिरो बघा," प्रज्योत म्हणाला.
"बघितला," वैजयंता म्हणाली,
लगेच.